मोजणीत नसलेले हात

२०२३ या एका वर्षात भारतातल्या कारखान्यांमध्ये ८,५१० नवे औद्योगिक रोबो बसले. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघ दरवर्षी ही मोजणी करतो. कुठल्या देशात किती रोबो बसले, त्यातले वाहन उद्योगात किती, वेल्डिंगला किती, जुळणीला किती, हे सगळं त्यात सापडतं. रोबो बसला की त्याचं बिल होतं, त्याला सिरीयल नंबर असतो, त्याची वॉरंटी असते. त्यामुळे तो मोजता येतो.

त्याच्या जागी आधी कोण उभं होतं, याची मात्र अशी यादी नाही. मी अकोल्याची. आयटीआय झाल्यावर चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले. आज त्याच भागातल्या दुसऱ्या एका ठिकाणी रोबोंची देखभाल करते. म्हणजे रोबोच्या आधीची आणि नंतरची, अशा दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. रोबोने नोकऱ्या खाल्ल्या की वाढवल्या, या वादात मला इथे पडायचं नाही. एखादी नोकरी गेली असं म्हणायचं, तर ती होती असं आधी कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. ते कुणाचं लिहिलं जातं आणि कुणाचं नाही, त्याचा हा इतिहास आहे. त्यातला बराचसा भाग आपल्या वऱ्हाडातच घडलेला आहे.

शब्द आणि पहिलं यंत्र

‘रोबो’ हा शब्द कारखान्यातून आलेला नाही, तो नाटकातून आला. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिलं. माणसांसारखी दिसणारी, माणसांऐवजी राबणारी कृत्रिम माणसं त्यात होती. त्यांना नाव देताना ‘रोबोटा’ हा चेक शब्द वापरला गेला. जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करायचं काम म्हणजे रोबोटा. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. वेठीला धरलेल्या माणसाचीही कधी हजेरी लागत नसे.

पुढे चाळीस वर्षांनी, १९६१ मध्ये, खरा रोबो कामावर लागला. जॉर्ज डेव्हॉल यांची कल्पना आणि जोसेफ एंगलबर्गर यांचा उद्योग, यातून ‘युनिमेट’ नावाचा अवजड यांत्रिक हात तयार झाला. तो अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसला. हा कारखाना गाड्यांचे सुटे भाग बनवायचा. युनिमेटचं काम होतं साच्यातून निघालेला तापलेला धातूचा तुकडा उचलून बाजूला ठेवायचं. भाजणारं, विषारी वाफांचं काम. ते यंत्राकडे गेलं याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं.

योगायोग म्हणजे त्याच १९६१ साली भारतात शिकाऊ उमेदवार कायदा झाला. ट्रेनी, ॲप्रेंटिस हे जे शब्द आज चाकण-रांजणगावच्या गेटवर रोज ऐकू येतात, त्यांच्यामागे हा कायदा आहे. रोबो आणि ट्रेनी यांची कागदोपत्री जन्मसाल एकच म्हणायला हरकत नाही. दोघांची पुढे गाठ पडणार होती.

बोटांना जे कळतं ते

तापलेला तुकडा उचलणं सोपं. ठरलेल्या जागी वेल्डिंगचा ठिपका देणं त्याहून थोडं अवघड, पण जमण्यासारखं. म्हणून गाड्यांच्या कारखान्यात रोबो आधी वेल्डिंगला लागले. जुळणीचं काम मात्र बराच काळ माणसाच्या हातातच राहिलं.

याचं कारण एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय पटत नाही. आम्ही गाडीच्या इंजिनाचा वॉटर पंप जोडायचो. ॲल्युमिनियमची बॉडी, त्यात बेअरिंग, मग सील, मग इम्पेलर, रबराची ओ-रिंग, वर झाकण, बोल्ट, शेवटी गळती तपासणी. बेअरिंग भोकात बसवायचं तर भोक आणि बेअरिंग यांच्यात केसाएवढीही जागा नसते. थोडं तिरकं गेलं की अडकतं. माणसाचा हात अशा वेळी न सांगता किंचित सैल होतो, भाग जरासा हलवतो, आणि तो आत सरकतो. ओ-रिंग खाचेत बसली की बोटाला कळतं. पीळ पडला असेल तर तेही कळतं. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत, आठवड्याभरात हातालाच येतं.

ताठ यंत्राला हा सैलपणा नव्हता. १९७० च्या दशकात संशोधक नेमके याच्या मागे लागले. १९७८ च्या सुमाराला दोन उत्तरं आली. अमेरिकेत व्हिक्टर शाइनमन यांच्या आराखड्यावरून ‘प्यूमा’ हा जुळणीसाठीचा छोटा रोबो जनरल मोटर्ससाठी तयार झाला. जपानमध्ये यामानाशी विद्यापीठाचे हिरोशी माकिनो यांनी ‘स्कारा’ची रचना केली. स्काराची युक्ती साधी आहे. त्याचा हात आडव्या दिशेने थोडा लवचीक आणि उभ्या दिशेने ताठ असतो. भाग भोकापाशी आला की आडवा थोडा सरकून जागा शोधतो आणि मग सरळ खाली दाबला जातो. बोटांचा सैलपणा यंत्राच्या सांध्यात घातला गेला.

तरी एक काम उरलंच. रोबोच्या पुढे भाग नेहमी एकाच जागी, एकाच दिशेने आला पाहिजे. पेटीत पसरलेल्या बोल्टमधून एक उचलणं आपल्याला काहीच वाटत नाही. यंत्रासाठी ते मोठं संकट. म्हणून थरथरणारे वाडगे आले, त्यांना बाउल फीडर म्हणतात. बोल्ट त्यात ओतायचे, ते थरथरत कडेच्या चढावरून वर येतात आणि एका रांगेत, एका दिशेने बाहेर पडतात. रोबोचा हात सगळ्यांना दिसतो, व्हिडिओत तोच असतो. पण जुळणीच्या स्वयंचलनातलं निम्मं कष्टाचं काम यंत्राला भरवण्याचं आहे. जिथे भरवायची सोय झाली नाही, तिथे माणूस उभा राहतो.

हे ‘भरवणं’ मला चाकणला गेल्यावर नवीन नव्हतं. माझ्या आईचं तेच काम होतं.

वऱ्हाडातली पहिली फेरी

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळलं. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, त्याचं उद्घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला.

रेल्वेबरोबर वाफेवरचे जिन आले. त्याआधी सरकी काढायची ती घरात, हाताने. दोन लाटण्यांसारखे रूळ एकमेकांना लागून बसवलेली लाकडी चरकी असायची. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताने कापूस रुळांमध्ये द्यायचा. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. दिवसभर बसून काही शेर रुई निघायची. हे काम मुख्यतः बायकांचं होतं. त्यात बोटांचं कसब होतं. कापूस किती द्यायचा, किती ओढून धरायचा, सरकी चिरडू नये म्हणून कधी थांबायचं, हे सगळं बोटांना ठाऊक असायचं.

वाफेच्या जिनमध्ये तत्त्व तेच होतं. फोन्स मॅकार्थी या अमेरिकन माणसाने १८४० मध्ये रूळ आणि सुरी यांचा जिन काढला होता. त्याच घराण्यातले डबल रोलर जिन आजही आपल्याकडच्या जिनिंगमध्ये चालतात. वेग मात्र कित्येक पटींनी वाढला. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा अशा गावांत जिन आणि प्रेस उभे राहिले आणि घरातली चरकी माळ्यावर गेली.

या काळाच्या नोंदी भरपूर आहेत. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कॉटन कमिशनर नेमला होता, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. त्याच्या अहवालांत पेरा, गाठी, बाजारभाव, रस्ते, रेल्वे यांचा बारीक हिशेब आहे. त्याने एक अपेक्षाही मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. रेल्वेने इंग्लंडचं स्वस्त कापड आत येईल, इथल्या विणकरांचं काम सुटेल आणि ते हात शेतीकडे, म्हणजे कापूस पिकवण्याकडे वळतील. विणकर निदान हिशेबात तरी धरले गेले. ते जात म्हणून, धंदा म्हणून ओळखले जात होते. घरात चरकी फिरवणारी बाई ही घरकामातच धरलेली. तिची मजुरी कधी सुट्याने मोजली गेली नव्हती, त्यामुळे ती बुडाली हेही कुठे मांडलं गेलं नाही.

त्यातल्या कितीतरी बायका पुढे त्याच जिनिंगमध्ये मजूर म्हणून उभ्या राहिल्या. जिन वेगाने चालत होता, पण त्याच्या तोंडात कापूस घालायला हात लागत होते. यंत्राने सरकी काढायचं कसब घेतलं आणि भरवायचं काम बाईकडे ठेवलं.

दुसरी फेरी : टोपल्यांच्या जागी पट्टे

माझी आई अकोल्यातल्या एका जिनिंगमध्ये हंगामी कामाला जायची. दिवाळीनंतर सुरू, उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद. गंजीवरून टोपल्यात कापूस भरायचा, डोक्यावर घेऊन जिनच्या ओळीपाशी जायचं आणि एकेका जिनला हाताने घालायचा. हजेरी मुकादमाच्या वहीत. रात्री ती घरी आली की भुवयांवर रुई असायची, आणि खोकला उन्हाळा लागेपर्यंत जायचा नाही.

२००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केलं. त्याचा एक भाग जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाचा होता. कापसात कचरा मिसळू नये, गाठ स्वच्छ निघावी, भाव चांगला मिळावा, हा उद्देश. कारखान्यांना त्यासाठी अनुदान होतं. हवेच्या नळ्या, वाहून नेणारे पट्टे आणि प्रत्येक जिनवर ऑटो फीडर आले. कापूस आपोआप वर जाऊन जिनच्या तोंडात पडू लागला.

आधुनिकीकरण चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्या धुळीत मी आईला पाहिलं आहे. तिच्या कामाचं पुढे काय झालं, हे तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आमाले कोणं काढलं नाई व. पुढच्या साली बलावलंच नाई.”

कामावरून काढणं ही घटना असते. तिला तारीख असते, नोटीस असते, भरपाईचा प्रश्न असतो, कधी मोर्चाही असतो. न बोलावणं ही घटनाच नसते. बडनेऱ्याची विजय मिल, अकोल्याची सावतराम मिल यांच्याबद्दल लोक अजून बोलतात, कारण तिथे कायम कामगार होते, युनियन होती, देणी थकली होती. ऑटो फीडर आल्यावर किती बायका कमी झाल्या, यावर बोलायला कुणाकडे काही नाही. मुकादमाच्या वह्या कुणी जपून ठेवत नाही.

चाकण

वऱ्हाडातून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांत, महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात, जून-जुलैत तुम्ही बसला असाल तर आमच्यासारखी पोरं-पोरी पाहिली असतील. पाठीवर सॅक, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आयटीआयचं सर्टिफिकेट. आपल्याकडे इंजिनिअरिंग शिकायची सोय कमी नाही. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं, बडनेरा आणि शेगावची कॉलेजं १९८३ ची. शिक्षण गावाजवळ मिळतं आणि ज्या यंत्रांसाठी शिकलो ती पाचशे किलोमीटरवर असतात.

माझ्या लाइनवर सहा स्टेशनं होती आणि सहा मुली. चौघी विदर्भातल्या. आम्ही ट्रेनी. २०१३ पासून ‘नीम’ नावाची योजनाही होती. या सगळ्याचा अर्थ एवढाच की महिन्याला स्टायपेंड मिळणार आणि ठरलेल्या मुदतीनंतर आपण बाहेर. पगार नव्हे, म्हणून पगारपत्रक नव्हे. १९७० च्या कायद्याने कंत्राटी कामगाराला जी थोडीफार ओळख दिली होती, तीही शिकाऊ माणसाला लागू होत नव्हती.

मग लाइनवर रोबो आला. पिंजऱ्यातला मोठा नव्हे, माणसाशेजारी उभा राहणारा छोटा, कोबो. ही कल्पना अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातली, १९९६ च्या सुमाराची. कुणाचा हात मध्ये आला तर थांबणारं यंत्र. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स या कंपनीने २००८ मध्ये असा पहिला हात विकला. भारतात बजाज ऑटोने २०१० पासून असे कोबो आणायला सुरुवात केली आणि पुढे त्यांची संख्या शंभरावर नेली. सुट्या भागांच्या कारखान्यांपर्यंत ते हळूहळू पोचले.

आमच्याकडे त्याने आधी सीलंटची रेघ ओढायचं काम घेतलं, मग बोल्ट आवळायचं. खरं सांगायचं तर आम्हाला बरं वाटलं. आठ तास खांद्याच्या उंचीवर बोल्टची गन धरून उभं राहिलं की रात्री केस विंचरता येत नाहीत. गळतीमुळे परत येणारे पीसही कमी झाले, कारण रोबोची रेघ पहिल्या पंपावर आणि शेवटच्या पंपावर सारखीच असते.

वर्षभरात सहाच्या दोन झाल्या. एक ओ-रिंग बसवणारी, दुसरी पेटीतून बॉडी उचलून फिक्श्चरवर ठेवणारी. बाकी चौघींपैकी कुणालाही काढलं नाही. एकेकीची मुदत संपत गेली आणि तिच्या जागी नवी मुलगी आली नाही. गेटवर केक कापला, फोटो काढले, ग्रुपवर शुभेच्छा दिल्या. कंपनीच्या कुठल्याही कागदावर रोबोमुळे एकही नोकरी गेलेली नाही, आणि हे खोटं नाही. आईचं वाक्य मला तेव्हा पुरतं समजलं.

मोजलेल्यांना भांडता येतं

याच्या उलट उदाहरण जगात आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या लॉर्ड्सटाउनला जनरल मोटर्सने १९७० मध्ये वेल्डिंगला युनिमेट लावले. लाइनचा वेग ताशी शंभर गाड्यांपर्यंत गेला, म्हणजे प्रत्येक माणसाकडे एका गाडीसाठी जेमतेम छत्तीस सेकंद. १९७२ मध्ये तिथल्या तरुण कामगारांनी तीन आठवडे संप केला. मागण्या पगाराच्या नव्हत्या. वेग, कमी केलेली माणसं आणि कामाचा उबग, यावर तो संप होता. तो गाजला, त्यावर पुस्तकं निघाली. ते युनियनमध्ये होते, कायम होते, कोणती जागा कमी झाली हे बोट ठेवून दाखवू शकत होते. आमच्यापेक्षा ते फार शूर होते असं नाही. त्यांच्याकडे कागद होता.

आणि ज्या कामात रोबोचा हात अजून चालत नाही, ती कामंही हिशेबाबाहेर राहतात, अडेपर्यंत. गाडीतल्या वायरिंगचा गुंता, ज्याला वायरिंग हार्नेस म्हणतात, तो आजही जगभर बराचसा हातानेच बांधला जातो. तार लिबलिबीत असते, दरवेळी वेगळी वळते. हे काम मजुरी कमी असेल त्या देशात जातं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तिथले हार्नेसचे कारखाने बंद पडले आणि जर्मनीत फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूच्या लाइनी थांबल्या. रोबोंनी भरलेले कारखाने तारा बांधणाऱ्या हातांवाचून अडले. त्या हातांबद्दल बातम्या तेव्हा आल्या.

तिसरी फेरी येते आहे

सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या पीएम मित्र टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी झाली. कापूस जिथे पिकतो तिथेच कापड व्हावं, हे वऱ्हाडाचं दीडशे वर्षांचं मागणं. आज उभ्या राहणाऱ्या कारखान्यात यंत्रं आजची येणार, भरवायचं कामही बरंचसं यंत्रच करणार. ते यावं असंच मला वाटतं. आईच्या छातीतली धूळ आणि माझ्या मैत्रिणींचे खांदे पाहिल्यावर जुन्या पद्धतीचा उमाळा मला येत नाही.

पण या वेळी मोजणी दोन्ही बाजूंची व्हावी. एखाद्या कारखान्याला यंत्रासाठी सरकारी अनुदान मिळत असेल, तर त्या लाइनवर आधी किती माणसं होती, त्यात ट्रेनी, हंगामी, मुकादमाच्या वहीतली किती, आणि वर्षानंतर किती उरली, एवढे चार आकडे त्याच अर्जात मागता येतात. यंत्राची किंमत भरतोच आहोत त्या फॉर्मवर. ज्या मुलीने तीन वर्षं ओ-रिंग बसवली, तिला रोबोला शिकवायचं काम आधी द्यावं, असं म्हणायलाही मग आधार मिळतो. खाच कुठे फसवते हे तिलाच ठाऊक असतं. मला ही संधी मिळाली, कारण एका लाइन लीडरच्या ते लक्षात आलं. सहापैकी एकीच्या नशिबावर व्यवस्था चालत नसते.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. तुम्ही ट्रेनी असाल तर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या स्टेशनवर, काय काम केलं, ते फोनमध्ये लिहून ठेवा. स्टायपेंडच्या नोंदी, गेटपासचा फोटो जपा. घरात कुणी जिनिंगमध्ये कामाला गेलं असेल तर कोणत्या सालापासून बोलावणं बंद झालं, हे विचारा. मी आईकडून आणि तिच्या बरोबरीच्या बायकांकडून अशी यादी करते आहे. आतापर्यंत अकरा नावं झाली आहेत. त्यातल्या दोघींना साल आठवत नाही. घरात त्या वर्षी कोणाचं लग्न झालं त्यावरून ते काढावं लागतं आहे.